तिसरे काडतूस

गोत्रीत राहणाऱ्या एका शाळामास्तराने बदकांच्या शिकारीची बंदूक कशी निवडावी यावर बोलावे, हे ऐकून काहींना हसू आले असेल, काहींना कदाचित रागही आला असेल. म्हणून कायद्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. आज डभोईजवळच्या वढवाणा तलावावर किंवा नळसरोवरावर कोणी बदकावर बार काढला, तर तो गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असावा, असे माझे मत आहे. तेव्हा हे भाषण येथे शिकारीला निघणाऱ्यांसाठी नाही.

मग कोणासाठी? माझा एक माजी विद्यार्थी कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांपैकी एका घरातला हा मुलगा. त्याचे आजोबा गायकवाड सरकारच्या शिकारखान्यात नोकरीला होते. वडील गोत्रीत माझ्या घरापासून चार घरे टाकून राहतात. गेल्या पावसाळ्यात त्याचे पत्र आले. कचेरीतले सहकारी हिवाळ्यात बदकांच्या शिकारीला जातात, यंदा त्यांनी यालाही बोलावले आहे आणि याला स्वतःची अर्धस्वयंचलित बंदूक घ्यायची आहे. ‘सर, तुम्ही आम्हांला न्यूटनचे नियम शिकवलेत, तर बंदूक कोणती घ्यावी तेही सांगा. आजोबांची दुनळी येथे आणता येईल का, तेही बाबांना विचारून कळवा.’ बाबांना त्याने स्वतः विचारले नव्हते. बाबांनी घरात मांस शिजू दिले, पण बंदुकीचा विषय कधी निघू दिला नाही, हे त्याला माहीत होते.

बाबांकडे गेलो. त्यांनी कपाटातून बंदूक काढली नाही. एक वही काढली. आजोबांची वही. शिकारखान्यातल्या माणसाच्या वळणदार अक्षरात तारीख, तळे आणि पुढे दोन रकाने होते. एकावर लिहिले होते ‘मिळाली’, दुसऱ्यावर ‘गेली’. मिळाली म्हणजे पडून हाती आलेली बदके. गेली म्हणजे छर्रा लागूनही उडत दूर गेलेली, पाणगवतात शिरलेली, पुन्हा न सापडलेली. एका पानावर मिळाली नऊ, गेली चार. बाबा म्हणाले, “मास्तर, त्याला बंदूक कोणती ते सांगा. पण या दुसऱ्या रकान्याला धरून सांगा.” तेव्हापासून मी जे वाचले आणि त्याला लिहिले, त्याचा सारांश आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम ‘बारा बोअर’ म्हणजे काय ते पाहू, कारण हे शब्द आपण शेकडो वेळा ऐकतो आणि बारा म्हणजे बारा मिलिमीटर असावेत असे समजून पुढे जातो. हिशेब जुना आणि मोठा गमतीचा आहे. एक पौंड शिसे घ्यावे, त्याच्या बारा सारख्या गोळ्या कराव्यात. त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. पौंड म्हणजे सुमारे 454 ग्रॅम, तेव्हा एक गोळी जवळजवळ 38 ग्रॅमची झाली आणि शिशाच्या घनतेवरून तिचा व्यास काढला तर तो साडेअठरा मिलिमीटर येतो. वर्गात मी हे गणित मुलांना घालतो. वीस बोअर म्हणजे पौंडाच्या वीस गोळ्या, म्हणून आकडा मोठा आणि नळी बारीक. पाणपक्ष्यांसाठी बहुतेक सर्वत्र बारा बोअरच वापरतात. नळी जेवढी मोठी तेवढे जास्त छर्रे एका वेळी जातात आणि छर्रे जास्त म्हणजे पक्षी जागच्या जागी मरण्याचा संभव जास्त. दुसऱ्या रकान्याचा पहिला विचार येथेच येतो.

आता अर्धस्वयंचलित. दुनळीत दोन बार झाले की बंदूक मोडून रिकामी काडतुसे काढावी लागतात, नवी भरावी लागतात. अर्धस्वयंचलित बंदुकीत नळी एकच असते. पण बार उडाल्याबरोबर त्याच बाराच्या जोरावर रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नळीखालच्या मॅगेझिनमधले नवे काडतूस आपोआप आत येऊन बसते. चाप मात्र प्रत्येक बाराला पुन्हा ओढावा लागतो, म्हणून ती ‘अर्ध’. चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस पाडणाऱ्या यंत्राशी तिचा घोटाळा करू नये.

ही कल्पना प्रथम चालवून दाखवली ती अमेरिकेतल्या यूटा प्रांतातील ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंग याने. 1900 साली त्याला तिचे पेटंट मिळाले. त्याची यंत्रे विकत घेणारी विंचेस्टर कंपनी त्याची जुनी गिऱ्हाईक. ती दर वेळी एकरकमी पैसे देऊन पेटंट घेई. या वेळी ब्राउनिंगने प्रत्येक बंदुकीमागे हक्काचा वाटा मागितला आणि कंपनीने नकार दिला. मग तो रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षाला भेटायला गेला. 1902 चा जानेवारी महिना होता. तो कचेरीत वाट पाहत बसला असता कोणी येऊन सांगितले की अध्यक्ष मार्सेलस हार्टली हृदयक्रिया बंद पडून वारले. हा तसाच बोटीने बेल्जियमला गेला आणि तिथल्या एफ.एन. कारखान्याने ती बंदूक बनवायला घेतली. नळीत एक आणि मॅगेझिनमध्ये चार, म्हणून तिला पुढे ‘ऑटो-५’ असे नाव पडले. पाठीमागचा भाग चौकोनी, उंच, कुबड आल्यासारखा. ज्याने एकदा पाहिली तो ती दुरून ओळखतो. पुढे रेमिंग्टननेही परवाना घेऊन तीच बंदूक काढली.

ब्राउनिंगच्या बंदुकीत बार उडाला की सगळी नळीच खिट्टीसकट मागे सरकते आणि मग पुढे येते. तिच्यात घर्षणाच्या कड्या असतात. हलके काडतूस असेल तर एका तऱ्हेने, जड असेल तर दुसऱ्या तऱ्हेने त्या लावाव्या लागतात. आळशी माणसाने त्या तशाच ठेवल्या तर बंदुकीची हाडे खिळखिळी होतात. आजच्या बंदुका या रीतीने चालत नाहीत. त्यांच्या दोन जाती आहेत आणि विद्यार्थ्याचा खरा प्रश्न या दोहोंपैकी कोणती, हाच होता.

पहिली जात गॅसवर चालणारी. नळीला मध्यावर एक-दोन बारीक छिद्रे असतात. छर्रे त्या छिद्रांपुढून गेले की मागच्या तापलेल्या वायूचा थोडा अंश छिद्रातून खाली उतरतो, दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या खिट्टीला मागे नेतो. 1963 साली निघालेल्या रेमिंग्टनच्या ‘११००’ या बंदुकीने ही रीत घरोघर नेली. तिचा मोठा गुण म्हणजे खांद्याला बसणारा धक्का सौम्य लागतो. क्रिकेटमध्ये येणारा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो. चेंडूचा संवेग तेवढाच राहतो, पण तो थोड्या जास्त वेळात थांबतो म्हणून हात झिणझिणत नाहीत. येथेही तेच घडते. दोष असा की वायूबरोबर काजळीही दट्ट्यापाशी येते. रोज संध्याकाळी पुसली नाही तर ऐन थंडीत ती गोंदासारखी धरते आणि दुसरे काडतूस अर्ध्यावर अडकते.

दुसरी जात जडत्वावर चालणारी. इटलीतील उर्बिनो येथे 1967 साली निघालेल्या बेनेली कंपनीने ती नावारूपाला आणली. हिच्यात छिद्र नाही, दट्ट्या नाही. मग खिट्टी मागे कशी जाते? एस.टी.ची बस एकदम सुटली की उभा उतारू मागे राहतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. बंदूक ही बस आणि खिट्टीचा जड भाग हा उतारू. बार उडताच बंदूक मागे झटकते, जड भाग जागीच राहू पाहतो, त्यामुळे खिट्टीच्या डोक्याशी असलेली एक ताठ स्प्रिंग दाबली जाते. ती सुटली की खिट्टी मागे फेकली जाते. यंत्र साधे, काजळी थोडी, चिखलपाण्यात भरवशाचे आणि वजनाने हलके. मात्र धक्का जवळजवळ सगळा खांद्यावर येतो. शिवाय काडतूस फार हलके असले किंवा बंदुकीला मागे सरकायलाच जागा नसली, तर स्प्रिंग पुरेशी दबत नाही आणि बंदूक चालत नाही. उतारू मागे पडायला बस सुटावी तर लागते.

मी त्याला गॅसवाली घ्यायला लिहिले. अनुभवी शिकारी दुसरी पसंत करतात, हे मला ठाऊक आहे. चिखलात तिचा भरवसा अधिक, हेही खरे. पण हा मुलगा किडकिडीत आहे आणि नवशिका आहे. ज्याला धक्क्याची भीती बसली तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि छर्रे पक्ष्याच्या शेपटीत जातात. त्याचा परिणाम दुसऱ्या रकान्यात दिसतो. वजन सव्वातीन किलोच्या आसपास असावे. त्याहून हलकी बंदूक दुकानात हातात छान वाटते आणि बार काढल्यावर कळते. नळी 26 किंवा 28 इंच. जे काडतूस आत बसते त्याची लांबी बंदुकीवर कोरलेली असते: पावणेतीन इंच, तीन इंच, साडेतीन इंच. साडेतीन इंची बंदूक सर्व प्रकारची काडतुसे घेते म्हणून विकणारा तिचीच भलावण करतो. ती महाग असते, तिच्या मोठ्या काडतुसाचा धक्का हाडे हलवतो आणि बदकाला तीन इंची पुरते. तीन इंची घे, असे मी लिहिले.

याहून महत्त्वाची गोष्ट दस्त्याची आहे. रायफलीने नेम धरतात, छर्‍याच्या बंदुकीने बोट दाखवतात, असे म्हटले तर चालेल. उडत्या पक्ष्याकडे पाहत बंदूक खांद्याला लावली की नळी आपसूक डोळ्याच्या रेषेत यायला हवी. मान वाकवून शोधावी लागली तर बंदूक त्या माणसाची नव्हे. शिंप्याकडे कपडे शिवतो तसे दस्त्याचे माप असते आणि आजकालच्या बंदुकींबरोबर दस्ता उंच-सखल करायला पातळ चकत्या मिळतात. माझा विद्यार्थी डावखुरा आहे. रिकामे काडतूस उजवीकडे फेकणारी बंदूक त्याच्या तोंडासमोरून काडतूस उडवील, म्हणून डाव्या हाताची मागून घ्यावी. हे त्याला दुकानात कोणी सांगितले नव्हते.

आता भाषणाचे नाव ज्यावरून ठेवले तिकडे वळतो. ब्राउनिंगच्या बंदुकीत पाच काडतुसे राहत. बदकांचा थवा उतरला की पाच बार. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेत पाणथळी बुजवल्या गेल्या, पुढे दुष्काळ पडला, त्यात ही बंदूक. बदके झपाट्याने घटली. 1918 साली तिथे स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा झाला होता. 1934 साली शिकाऱ्याने विकत घ्यायचे बदकांचे तिकीट निघाले, किंमत एक डॉलर. आज ती पंचवीस डॉलर आहे आणि त्या पैशातून पाणथळी विकत घेऊन राखल्या जातात. 1935 साली नियम आला की पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसे मावली पाहिजेत. त्यासाठी मॅगेझिनमध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची एक कांडी घालतात. मग आत दोन, नळीत एक. ती कांडी नसलेली बंदूक घेऊन तळ्यावर जाणे हाच गुन्हा, मग बार काढा की काढू नका.

आपल्याकडे त्याच सुमारास काय चालले होते, तेही सांगितले पाहिजे. भरतपूरच्या केवलादेव तळ्यावर दगडी खांब आहेत; त्यांवर शिकारींच्या तारखा, पाहुण्यांची नावे आणि मारलेल्या पक्ष्यांचे आकडे कोरले आहेत. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीला मारलेल्या पक्ष्यांचा आकडा आहे 4273. एका दिवसात. तो दगड आजही उभा आहे आणि तो पाहायला आलेली माणसे त्याच आवारात दुर्बिणीने बदके पाहतात. या दगडावर एकच रकाना आहे, हे मला आजोबांची वही पाहिल्यावर सुचले. त्या दिवशी गेलेली किती, ते कोणी कोरले नाही.

तिसरे काडतूस असते कशासाठी? माझ्या विद्यार्थ्याला वाटले होते की तीन बार म्हणजे तीन बदके. जाणते शिकारी असे सांगतात की पहिला बार पक्ष्यावर काढावा आणि पुढचे दोन त्याच पक्ष्यासाठी राखावे. पक्षी पाण्यावर पडला पण मान ताठ आहे, पंख ओढत गवताकडे निघाला आहे, तर ताबडतोब पुन्हा बार काढावा लागतो. दुनळीवाला तोपर्यंत खिशात काडतूस चाचपडत असतो. अर्धस्वयंचलित बंदुकीचे खरे समर्थन मला एवढ्यातच दिसते. थव्यावर तीन बार काढणाऱ्याच्या हाती ती बंदूक दुसरा रकाना भरण्याचे यंत्र ठरते.

छर्‍यांविषयी सांगायचे तर, शिकारीची वाट जन्मभर चाललेल्या माणसालाही पुन्हा शिकावे लागले असा हा भाग आहे. शेकडो वर्षे छर्रे शिशाचे होते. बदकाला दात नसतात. ते तळाच्या चिखलातले खडे गिळते आणि पेषणीत त्या खड्यांनी दाणा दळते. चिखलात पडलेले शिशाचे छर्रे ते खडे समजून गिळते. पेषणीत शिसे झिजते, रक्तात उतरते. एक-दोन छर्‍यांनीही बदक मरू शकते, आणि त्या बदकावर कोणी बारही काढलेला नसतो. म्हणून अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला देशभर बंदी आली, कॅनडात 1999 साली आणि युरोपीय संघाच्या पाणथळींत फेब्रुवारी 2023 पासून. कॅलिफोर्नियात तर 2019 पासून कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीत शिसे चालत नाही.

शिशाच्या जागी आले पोलाद. पण पोलादाची घनता 7.8 च्या आसपास आणि शिशाची 11.3. त्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका, म्हणून हवेत लवकर मंदावतो. उपाय असा की दोन क्रमांक मोठा छर्रा घ्यावा: शिशाचा चार नंबर वापरत असाल तर पोलादाचा दोन नंबर, वजन जवळजवळ तेवढेच भरते. आणि पोलाद कठीण. जुन्या बंदुकीच्या नळीचे तोंड आतून थोडे आवळलेले असते, त्याला ‘चोक’ म्हणतात, छर्रे दूरवर एकत्र राहावेत म्हणून. मऊ शिसे त्या आवळ्यातून दबून निघते. पोलाद दबत नाही, ते नळीलाच ओरखडे काढते, कधी तोंडाशी फुगवटा आणते. नव्या बंदुकीत चोक पेचाने बदलता येतो. पोलादासाठी तो सैलसर लावावा.

आजोबांच्या दुनळीच्या प्रश्नाचा निकाल येथेच लागला. बर्मिंगहॅमची, घट्ट चोकची, शिशासाठी घडवलेली ती बंदूक कॅलिफोर्नियाच्या पोलादाला चालणार नाही, आणि जे शिसे तिला चालते ते तिथे चालत नाही. येथे तर बार काढायचा प्रश्नच नाही. ती बाबांच्या परवान्यावर कपाटात आहे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते, निवडणूक संपली की परत येते. बाबांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ती दोन्हीकडे म्हातारीच.” ती देऊन टाकावी की ठेवावी याचा निर्णय त्यांनी अजून केलेला नाही, आणि त्यात बोलायचा मला अधिकार नाही.

अंतराचे थोडे गणित सांगतो, कारण जखमी होऊन निसटणाऱ्या पक्ष्यांत दूरच्या बारांचा वाटा मोठा असतो. बदक ताशी सत्तर किलोमीटर वेगाने उडते असे धरा. म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. पस्तीस मीटरवरच्या पक्ष्यापर्यंत छर्रे पोहोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. तेवढ्यात बदक दोन मीटर पुढे गेलेले असते. म्हणून बंदूक पक्ष्यावर न धरता त्याच्या पुढे, आणि चालती ठेवून, चाप ओढावा लागतो. पन्नास मीटरवर हे पुढचे माप आणखी वाढते, छर्रे पसरून विरळ होतात, त्यांचा जोर उतरतो. एखाददुसरा लागतो आणि पक्षी उडत राहतो. मी त्याला पस्तीस मीटरची मर्यादा घालून दिली आहे. शेतात पस्तीस मीटरवर एक काठी रोवावी आणि तिच्यापलीकडच्या पक्ष्याकडे केवळ पाहावे. त्याआधी मोठ्या कागदावर बार काढून छर्रे कसे पसरतात ते मोजावे, आणि मातीच्या उडत्या तबकड्यांवर दोन-तीनशे काडतुसे खर्च करावीत. या तबकड्यांचा खेळ आपल्याकडेही रीतसर चालतो. बिकानेरचे महाराज करणीसिंह यांनी 1962 साली कैरो येथे जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि 2004 साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी. ज्याला केवळ बंदुकीचा छंद आहे त्याची हौस तेथे पक्षी न मारता भागते. हेही मी पत्रात घातले होते, पण त्याने त्यावर काही उत्तर दिले नाही.

आता तो जाणार कुठे? सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यात भातशेती आहे. वसईकडच्या आमच्या माणसांना भातखाचर सांगायला नको, पण तिथली खाचरे नजर पोहोचत नाही इतकी मोठी असतात. पूर्वी कापणीनंतर तिथले शेतकरी पेंढा जाळत. धुराची ओरड झाल्यावर 1991 साली कायद्याने ते जाळणे कमी करत आणले गेले. तेव्हा शेतकऱ्यांनी पेंढा कुजावा म्हणून हिवाळ्यात खाचरांत पाणी सोडायला सुरुवात केली. माणसाने धूर टाळला आणि बदकांना लाखो पाहुण्यांचे तळे मिळाले. मौज अशी की त्या खाचरांत उतरणारी तलवार बदके आणि थापटे ही आपल्या वढवाण्याला येतात त्याच जातींची आहेत. गायकवाड सरकारने 1909-10 च्या सुमारास सिंचनासाठी बांधलेल्या त्या तलावाला 2021 साली रामसर यादीत स्थान मिळाले. नाताळच्या सुटीत मी दरवर्षी मुलांना तिथे नेतो. लांब शेपटीचा तलवार बदक आणि पळीसारख्या चोचीचा थापट्या ओळखायला ती सर्वांत आधी शिकतात.

ओळख हाच तर खरा पेच आहे. तिथे एका शिकाऱ्याला दिवसाला सात बदके मारायची मुभा आहे, पण त्या सातांत तलवार बदके किती असावीत याची वेगळी, लहान मर्यादा आहे आणि ती वर्षावर्षाला बदलते. पहाटेच्या अंधुक उजेडात तलवारीची तपकिरी मादी आणि इतर बदकांच्या तपकिरी माद्या सारख्याच दिसतात. ज्याला ओळखता येत नाही त्याने बार काढू नये. सालीम अली लहानपणी हवेच्या बंदुकीने चिमण्या मारत. त्यांतली एक पिवळ्या गळ्याची निघाली, ती ओळखता येईना म्हणून ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि जन्मभराचे पक्षितज्ज्ञ झाले. त्यांनी पुढे गुजरातच्या पक्ष्यांचाही तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. माझ्या विद्यार्थ्याने आधी ओळखावे, मग बार काढावा, म्हणजे क्रम तरी उलटा होणार नाही.

कागदपत्रांचेही त्याला कळवले. कामाच्या व्हिसावर असलेल्या परकीयाला तिथल्या केंद्रीय कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार-परवाना हा त्याला असलेल्या थोड्या अपवादांपैकी एक. आणि तो परवाना प्रथम काढायचा तर सुरक्षिततेचा शिक्षणक्रम पुरा करावा लागतो. तेव्हा आधी वर्ग, मग परवाना, मग तिकीट, मग दुकान. त्याने दुकानापासून सुरुवात केली होती.

शेवटच्या पत्रात त्याने विचारले आहे की एवढे करूनही पडलेला पक्षी पाणगवतात सापडला नाही तर काय करावे. याला बंदुकीत उत्तर नाही. उत्तर कुत्र्यात आहे. पाण्यात उडी घेऊन वासावर पक्षी शोधून आणणारा शिकवलेला लॅब्रॅडॉर कोणत्याही काडतुसापेक्षा दुसरा रकाना जास्त रिकामा ठेवतो. त्याच्या भाड्याच्या घरात कुत्रा पाळायला परवानगी नाही, असे त्याने कळवले आहे. तेव्हा पहिला हंगाम त्याने ज्याच्याकडे कुत्रा आहे अशा सहकाऱ्याच्या शेजारी बसूनच काढायचा आणि रोज संध्याकाळी दोन्ही आकडे बाबांना कळवायचे, असे आमचे ठरले आहे.